बर्बनकाका

केंटकीतल्या लुईव्हिल शहरात स्थिरावलेल्या मराठी मंडळींत कुणी विमानाने पार्सलं पाठवणाऱ्या कंपनीत असतं, कुणी आरोग्यविम्यात, कुणी फ्रिजच्या कारखान्यात. मे महिन्याचा पहिला शनिवार जवळ आला, की यांतल्या प्रत्येक खात्यातून एकेक बर्बनकाका उगवतो. त्या शनिवारी चर्चिल डाउन्सच्या मैदानावर केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत होते. २०२१ साली महाराष्ट्र दिन आणि डर्बी एकाच तारखेला आले, तेव्हा काकांनी दोन्हींचा मान राखला. डर्बीला टोप्या घालून मिरवायची रीत आहे. काकांनी फेटा बांधून घोडे पाहिले.

बर्बनकाका पेल्याआधी माहिती देतो.

"बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मक्याची व्हिस्की. तसा कायदाच आहे! आणि पिंप ओकचं, आतून जाळलेलं, कोरं करकरीत. एकदा वापरलं की बर्बनला पुन्हा चालत नाही."

"काका, जरा पाणी मिळेल का?"

"पाण्यावर येतोच," म्हणत काका केंटकीच्या चुनखडीतून झिरपणाऱ्या, लोहाचा अंश नसलेल्या पाण्यावर येतात. पाहुणा स्वतः उठून नळावर जातो.

डर्बी १८७५पासूनची. मिंट ज्यूलेप हे तिचं अधिकृत पेय ठरलं १९३८ साली. चांदीचा पेला, पुदिना, साखर, बर्बन आणि वर बारीक कुटलेल्या बर्फाचा डोंगर. स्थानिक लोक हे पाच मिनिटांत करून मोकळे होतात. काकांना पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टीबद्दल आदर नाही. म्हणून ते फ्रोझन ज्यूलेप करतात. त्याला आदली रात्र लागते, फ्रीजरचा अख्खा कप्पा लागतो आणि मुख्य म्हणजे समजावून सांगायला पुष्कळ जागा असते.

सुरुवात पुदिन्यापासून. परसातला पुदिना काकूंनी चटणीसाठी लावलेला. काकांनी त्याच्या शेजारी रोपवाटिकेतून 'केंटकी कर्नल' नावाची जात आणून लावली. इथले गव्हर्नर मानाची 'कर्नल' पदवी देतात. कोंबडीवाल्या सँडर्सना मिळाली होती. काकांना अजून मिळायची आहे, त्यामुळे तूर्त घरात कर्नल एकच, तो वाफ्यात. पुदिना पसरायला लागला की थांबत नाही. कर्नलने एका पावसाळ्यात चटणीचा मुलूख जिंकला, आणि काकूंनी दोघांचीही चटणी केली. कुणाला फरक कळला नाही. काकांना कळला, असं काका म्हणतात.

पानं उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे वाटल्यावर काळी पडत नाहीत. मग ती साखरेच्या पाकात वाटून गाळायची. पाक जिभेला जरा जास्तच गोड लागला पाहिजे, कारण गारठ्यात गोडी कमी जाणवते. इथवर काकूही मान डोलावतात. या घरातला पाक शेवटी त्याच करतात.

खरं व्याख्यान फ्रीजरपाशी. "घरचा फ्रीजर उणे १८ अंशांचा. नुसतं बर्बन त्यात वर्षभर ठेवलं तरी गोठणार नाही. म्हणून एक भाग बर्बन, आणि पाक व पाणी मिळून अडीच भाग. प्रमाण चुकलं की संपलं." काका हे मिश्रण जाड पिशवीत भरतात, आडवं ठेवतात, आणि रात्री दोनदा उठून पिशवी चोळतात, म्हणजे मोठे खडे न होता भुसभुशीत बर्फ होतो. स्वतःच्या मुलांसाठी ते रात्री इतक्यांदा उठल्याचं काकूंना आठवत नाही.

गेल्या डर्बीला काकूंचे धाकटे भाऊ कोल्हापूरहून आले होते. त्यांनीही व्याख्यान ऐकलं, रात्री पिशवी हलवून पाहिली, आणि 'लईच फिकं दिसतंय' म्हणून बहिणीच्या घराची अब्रू राखण्यासाठी त्यात बर्बनची उरलेली अर्धी बाटली ओतली.

सकाळी पिशवीत सरबत. काकांनी थर्मामीटर लावला, फ्रीजरचं दार तपासलं, वीजकंपनीवर संशय घेतला. मेहुणे शांतपणे पोहे खात होते. अखेर संध्याकाळी पाहुणे जमल्यावर बर्फाची रास आणि ते सरबत मिक्सरमध्ये घालून काकांनी बटण दाबलं. टीव्हीवर घोडे फाटकात उभे राहिले होते.

डर्बी सव्वा मैलाची. १९७३ साली सेक्रेटॅरिएट हा घोडा ती दोन मिनिटांच्या आत धावला आणि तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. बाकीच्या बहुतेकांना दोन मिनिटं आणि वर थोडं लागतं. काकांच्या मिक्सरला साडेतीन लागली. मिक्सर थांबला तेव्हा विजेत्या घोड्याच्या पाठीवर गुलाबांची झूल चढत होती, आणि काका पाठमोरे राहून पुदिन्याचे तुरे तळहातावर थोपटत होते. चुरगळायचे नाहीत, नाहीतर कडवटपणा उतरतो.

पेले फिरले. मेहुण्यांनी घोट घेतला. "दाजी, हा तर आपला बर्फाचा गोळाच की! काला खट्टा ठेवत नाही का?"

काकांनी उत्तर द्यायला श्वास घेतला, तेवढ्यात टीव्हीवर शर्यत पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. काका चपापले. "अरे, सुटले वाटतं!"

खोलीत सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही.

"दाजी, लावता का वीस डॉलर?" मेहुणे म्हणाले. "माझा तो, मागून चौथा."

काकांनी पुढच्या घोड्यावर लावले, आणि मागचा का जिंकणं शक्य नाही ते वंशावळीसकट समजावून सांगितलं. दोन मिनिटांनी त्यांनी निमूट पाकीट काढलं. वीसची नोट मेहुण्यांच्या हातावर ठेवली, आणि सोडता सोडता म्हणाले, "तुम्ही जिंकलात हे ठीक. पण तुमचं कारण चुकीचं होतं."