खाजगी खांबाचे सोवळे

जपानातील काही धनिक श्रवणरसिक केवळ आपल्या ध्वनियंत्रणेसाठी अंगणात विजेचा स्वतंत्र खांब रोवून त्यावर निराळे रोहित्र बसवून घेतात. कारण शेजाऱ्याच्या शीतकपाटाने विटाळलेला प्रवाह ब्राम्सच्या स्वररचनेला शिवता कामा नये, असा त्यांच्या सोवळ्याचा दंडक आहे. ज्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे खरेदी केल्यामुळे पूर्वेस ५० व पश्चिमेस ६० हर्ट्झ अशी विजेची वाटणी आजतागायत कायम आहे, तेथे एखाद्या गृहस्थाने आपल्या तारेपुरते सार्वभौमत्व मागावे, हे एक वेळ क्षम्य मानता येईल. मात्र त्या खांबापर्यंत वीज येते ती त्याच सार्वजनिक वाहिनीतून, आणि ॲम्प्लिफायरमध्ये शिरताच रोहित्र, रेक्टिफायर व कपॅसिटर ही मंडळी तिचा बहुतेक पूर्वेतिहास दफ्तरदाखल करून तिला एकदिश बनवितात, ही बाब अर्जात नमूद करण्याचा रिवाज नाही. डोळे बांधून फरक ओळखण्याची कसोटी तर या दरबारात गैरशिस्तच समजली जाते. साक्ष ग्राह्य धरतात ती, ज्याने खांबाची रक्कम नुकतीच रोख भरली आहे, त्याच्याच कानांची.