तेरा अक्षरी गुपित

पेन ड्राइव्हवरची माहिती कशी जपावी याचा धडा जपानच्या अमागासाकी शहराने जून २०२२ मध्ये जगाला दिला. कशी जपू नये याचाही त्याच आठवड्यात दिला.

ठेकेदाराच्या माणसाने सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची, म्हणजे अख्ख्या शहराची, नावं, पत्ते, जन्मतारखा आणि कराचे तपशील ड्राइव्हवर घेतले. काम आटोपलं. मग सहकाऱ्यांबरोबर तो जरा ‘बसला’. बसता बसता इतका रंगला की रस्त्यातच आडवा झाला. जाग आली तेव्हा पिशवी गायब, आणि शहर पिशवीत!

पण माहिती एन्क्रिप्ट केलेली होती. पासवर्डाशिवाय चोराच्या हाती नुसता अक्षरांचा चिवडा. पालिकेच्या साहेबांनी एवढं सांगून खाली बसायचं. पण समोर माईक दिसला की अधिकाऱ्याला पारदर्शकतेची उबळ येते. पासवर्डात अक्षरं आणि आकडे मिळून तेरा आहेत, हेही पत्रकार परिषदेत सांगून झालं. ट्विटरकरांनी लगेच बोटं मोजली: रोमन लिपीत ‘अमागासाकी’ची अक्षरं नऊ, २०२२चे आकडे चार. अंदाज खरा होता की नाही, देव जाणे. नंतर पिशवी ड्राइव्हसकट सापडली. अब्रू तेवढी सापडायची राहिली.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाने ही पासवर्डाची भानगडच ठेवली नव्हती. २०१७ मध्ये त्यांचा हरवलेला ड्राइव्ह ज्याला सापडला, त्याने तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन उघडला. ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. साडेसहा हजार कर्मचाऱ्यांपैकी माहिती-सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं होतं २ टक्क्यांना. दंड झाला १ लाख २० हजार पौंड.

हसू नका. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या किल्ल्यांच्या जुडग्यात जो पेन ड्राइव्ह लोंबतो, त्यात सगळ्या सभासदांची आधार आणि पॅनकार्डं आहेत, शिवाय मुंजीचे फोटो. तो झेरॉक्सच्या दुकानात, सीएकडे, कुठेही खुशाल फिरतो. एन्क्रिप्ट करा म्हटलं तर उत्तर ठरलेलं: ‘आपल्यात काय लपवायचंय?’ आणि केलंच, तर पासवर्ड सोसायटीच्या नावाचा, तोही ड्राइव्हवरच स्टिकर लावून, कमिटीच्या सोयीसाठी.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं, वर्गणी काढावी लागत नाही. फक्त त्यात ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.