ज्यांनी आम्हाला गणिताशिवाय गणितात पास केलं, त्यांस

मा. पेपरसेटर महोदय किंवा महोदया,
(आपलं नाव गुप्त ठेवलं जातं. आपल्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.)

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री हा गणिताचा पेपर आपण काढता, आणि त्याबद्दल आपले जाहीर आभार कोणी मानल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शिव्या मात्र अखंड पडतात. निकालाच्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात, कँटीनमध्ये, कटिंगच्या घोटागणिक पडतात. मला हा अन्याय वाटतो. गणित मला दहावीत आवडलं नाही, बारावीत आवडलं नाही, आजही आवडत नाही. असा माणूस एम-वन, एम-टू, एम-थ्री अशा तिन्ही खिंडी ओलांडून मेकॅनिकलची पदवी घेतो आणि चाकणला नोकरीला लागतो, याचं श्रेय माझ्या बुद्धीला नाही, ते आपल्याला आहे. आपला पेपर सोडवायला गणित लागतच नाही.

हे रागाने म्हणत नाही. पुरावे देतो.

आपला पेपर येण्याआधी तो आम्हाला बऱ्यापैकी पाठ असतो. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांचे पेपर स्पायरल करून मिळतात. कोणत्या युनिटला किती वेटेज, कोणता टाइप वर्षाआड येतो, कोणता हिवाळ्यात येऊन गेला की उन्हाळ्यात तोंड दाखवत नाही, या सगळ्याचे आम्ही तक्ते केले, टक्के काढले, अंदाज बांधले. संख्याशास्त्राचं युनिट ऑप्शनला टाकूनही आम्हाला संख्याशास्त्र आलं ते असं. अभ्यासक्रमातलं एवढं एकच गणित आम्ही खऱ्या आयुष्यात वापरलं आणि तेही आपल्यावर वापरलं, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

ऑप्शनला टाकणं ही तर आपणच दिलेली देणगी. ‘प्रश्न एक किंवा प्रश्न दोन’ असं छापून आपण आम्हाला सांगितलंत की पोरांनो, अर्धं जग सोडून दिलंत तरी चालेल. मी फूरिये सोडला. ज्या माणसाने लोखंडातून उष्णता कशी सरकते याचा विचार करता करता अशी युक्ती काढली की आज एमआरआयच्या यंत्रात तिच्याशिवाय चित्र उमटत नाही, त्याला मी एका रात्रीत, गादीवर पडल्यापडल्या, ऑप्शनला टाकला. १८०७मध्ये त्याचा निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे गेला तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञानेही त्याला मान्यता दिली नव्हती. म्हणजे मी अगदीच वाईट संगतीत नव्हतो.

मग लाप्लास. याला ऑप्शनला टाकणं परवडत नाही, कारण त्याला आपण सढळ हाताने मार्क ठेवता. तर तो पाठ करायचा. ‘साइन एटीचं लाप्लास, ए छेद एस वर्ग अधिक ए वर्ग. कॉस एटीचं लाप्लास, एस छेद एस वर्ग अधिक ए वर्ग.’ आंघोळ करताना म्हणायचं, बसस्टॉपवर म्हणायचं. आमचा एक रूममेट हे रामरक्षेच्या चालीत म्हणायचा आणि परीक्षेत तीच चाल मनात धरून लिहायचा. त्याला फर्स्ट क्लास मिळाला. लाप्लास हे काय प्रकरण आहे असं आपण त्याला तेव्हाही विचारलं नाहीत आणि नंतर इंटरव्ह्यूत कुणी विचारलं नाही.

विचारलं असतंत तर भलतीच पंचाईत झाली असती. कारण लाप्लासची युक्ती आमच्यासारख्या आळशी लोकांसाठीच आहे. डिफरन्शियल इक्वेशन घ्यायचं, त्याला दुसऱ्या गावात नेऊन साधं बीजगणित करून टाकायचं, तिथे शाळकरी पोरासारखं सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. अवघड काम सोपं करण्याचं यंत्र आहे ते. आपण त्या यंत्राचे सगळे स्क्रू आमच्याकडून मोजून घेतलेत. यंत्र सुरू करून दाखवलं नाहीत, यामागे काही खोल शैक्षणिक विचार असणार.

हा लाप्लास, जाता जाता सांगतो, १७९९मध्ये नेपोलियनचा गृहमंत्री झाला होता. साधारण सहा आठवड्यांत त्याला घरी पाठवण्यात आलं. आमच्या वर्गातले काही जण लाप्लासच्या युनिटमध्ये तेवढेही टिकले नाहीत. त्याचे ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्या नॅथॅनिएल बाउडिच या अमेरिकन माणसाची तक्रार होती की लाप्लासने कुठे ‘हे उघडच आहे’ असं लिहिलं की ते उघड व्हायला आपले तासन्‌तास जाणार हे ठरलेलं. आमच्या गाइडमध्ये त्या जागी ‘ऑन सिम्प्लिफाइंग’ असं छापलेलं असे. ते दोन शब्द आम्ही उत्तरपत्रिकेतही जसेच्या तसे उतरवायचो. वरची ओळ माहीत आहे, खालची ओळ माहीत आहे, मधला डोंगर ‘ऑन सिम्प्लिफाइंग’ने ओलांडायचा. त्याला मार्क मिळायचे. आपल्या मॉडेल आन्सरमध्येही तसंच असावं, असा आमचा कयास आहे.

सिद्धतेचे प्रश्न तर आपण केवळ आमच्या हस्तकौशल्यासाठी ठेवले असावेत. ‘शो दॅट’ आलं की डावी बाजू वरून खाली सोडवत यायची आणि उजवी बाजू खालून वर. दोघी जिथे अडतील तिथे नेमकी पुरवणी जोडायची. परीक्षक पान उलटून पुरवणीवर येतो तोवर दोन्ही बाजू एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. खाली ‘हेन्स प्रूव्ड’, त्याखाली पट्टीने दोन रेघा. या दोन रेघांवर अनेकांचं वर्ष वाचलं आहे.

एम-वनच्या आयगेन व्हॅल्यूंची गोष्ट याहून गोड. वर्गातल्या अर्ध्या मुलांना आयगेन हा कुणी जर्मन शास्त्रज्ञ वाटायचा आणि त्यामुळे त्यांचं काहीही अडलं नाही. तीन बाय तीनचं मॅट्रिक्स दिसलं की कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, मग मायनरांची बेरीज, मग डिटर्मिनंट. या तिन्हींचं क्युबिक करायचं, कॅसिओ एफएक्स-९९१चा मोड बदलायचा, आकडे टाकायचे आणि तिन्ही उत्तरं उतरवून घ्यायची. कॅल्क्युलेटर पास झाला, त्याच्याबरोबर आम्हीही झालो. १९९८मध्ये दोन पोरांनी इंटरनेटवरच्या पानांची क्रमवारी लावायची पद्धत मांडली आणि त्यातून गूगल उभं राहिलं. त्या पद्धतीच्या पोटात हाच आयगेन व्हेक्टर आहे. ही एक ओळ पेपरात कुठेही छापता आली असती, अगदी ‘नीट आकृत्या काढा’च्या शेजारी. आपण छापली नाहीत. शाई महाग असते.

आता स्टेप मार्किंग. याबद्दल तर आपल्या पायावर डोकं ठेवावं. सूत्र लिहिलं, एक मार्क. किमती घातल्या, एक मार्क. उत्तर चुकलं तरी वाटेत काही ना काही पदरात पडतं. पण या न्यायाचा एक बळी आपल्याच सिलॅबसमध्ये बसला आहे, तो आपल्या ध्यानात आला नसावा. ऑलिव्हर हेविसाइड. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पुढचं सगळं स्वतःच शिकला आणि डिफरन्शियल इक्वेशनं बीजगणितासारखी सोडवायची अशी रीत बसवली की तारायंत्रवाल्यांची कामं भराभर व्हायला लागली. उत्तरं बरोबर यायची, मधल्या पायऱ्या मात्र हा दाखवायचा नाही. १८९४मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने याच कारणावरून त्याचा पुढचा निबंध छापायला नकार दिला. ज्याच्या नावाचं ‘युनिट स्टेप फंक्शन’ आम्ही घोकतो, त्यालाच स्टेपचे मार्क मिळाले नाहीत. आपल्याकडे बसला असता तर त्याला केटी लागली असती, आणि माझ्या रूममेटने त्याला नोट्स दिल्या असत्या.

क्लासवाल्यांनी गणिताची वाट लावली असं आपण खासगीत म्हणता, असं ऐकतो. पण हा वारसा फार मोठ्या घरचा आहे. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये तो मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले आणि महाराष्ट्राने रँग्लर ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटवून टाकली. त्या परीक्षेसाठी केंब्रिजची पोरं कॉलेजातल्या प्राध्यापकांवर विसंबत नसत, पैसे मोजून खासगी शिकवण्या लावत. त्या शिकवणीवाल्यांचा बादशहा म्हणजे एडवर्ड राउथ. त्याच्याकडचीच मुलं वर्षामागून वर्ष पहिली यायची. आणि हा राउथ आम्हाला तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम्समध्ये भेटला, राउथ-हरविट्झ क्रायटेरियनच्या रूपात! म्हणजे क्लासवाल्या सरांचं नाव थेट सिलॅबसात. आमच्या कोपऱ्यावरच्या क्लासच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फी वाढवली. पुढे हार्डीसारख्या गणितज्ञानेच या परीक्षेविरुद्ध आवाज उठवला आणि १९०९नंतर तिथली क्रमवार यादी जाहीर होणं बंद झालं. केंब्रिजने सोडलं म्हणून आपणही सोडावं असं थोडंच आहे? त्यांचं बाकी सगळं आपण कुठे घेतलं होतं!

आता एक छोटंसं गाऱ्हाणं. कौतुकाच्या पत्रात शोभणार नाही, पण मन मोकळं करतो.

नोकरीत माझं काम गाडीच्या सस्पेन्शनचं. एसटीच्या शेवटच्या सीटवर आपण कधी बसला असालच. चाक खड्ड्यात जातं, स्प्रिंग दाबली जाते, डँपर तिला आवरायला धावतो. प्रवासी किती उसळणार आणि किती वेळात ठिकाणावर येणार, हे गाडीचं वजन, स्प्रिंगचा ताठरपणा आणि डँपर या तिघांवर ठरतं. हे कागदावर मांडलं की दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन तयार होतं. ऑक्झिलरी इक्वेशनची मुळं कॉम्प्लेक्स आली तर प्रवासी वर-खाली होत होत शांत होणार, रिअल आली तर न झुलता जागेवर येणार. आपण पेपरात दिलं होतंत: डी वर्ग अधिक चार डी अधिक तेरा, कंसाबाहेर वाय, बरोबर शून्य. मुळं आली उणे दोन, अधिक-उणे तीन आय. म्हणजे तो बिचारा उसळला आणि थोड्या वेळाने थांबला. मी ते सोडवलं, पूर्ण मार्क मिळवले. त्या कंसात माणूस बसला होता हे मला चाकणला आल्यावर कळलं, तेही सीनियर फोरमननी समजावलं म्हणून. ते आयटीआय झालेले आहेत. एम-थ्री त्यांनी दिलेला नाही.

एवढीशी एसटी पेपरात येऊ द्यायला काय हरकत होती? भास्कराचार्यांना ११५०मध्ये जमलं होतं. लीलावतीत एक गणित आहे: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, आणि खांबाच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे निघाला आहे. मोर तिरका झेपावतो आणि दोघं सारखंच अंतर जातात. तर बिळापासून किती हातांवर मोर त्याला गाठेल? उत्तर बारा हात. पायथागोरसच आहे, पण मोर आहे, साप आहे, साप वाचतोय का ही धाकधूक आहे. मला गणित आवडत नाही, तरी हे मी सोडवून पाहिलं, मार्क नसताना. आणि हे काही परमुलखातलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. हा लेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात गणिताचं कॉलेज होतं. तिथे ऑप्शन होता की नाही, हे शिलालेखात दिलेलं नाही.

२०२१मध्ये एआयसीटीईच्या पुस्तिकेत आलं की इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीत गणित असलंच पाहिजे असं नाही, चौदा विषयांच्या यादीतले कुठलेही तीन चालतील. केवढा गदारोळ झाला! बहुतेक शाखांना गणित लागणारच, असे खुलासे करावे लागले. मला गंमत वाटली. पुस्तिका लिहिणाऱ्याने आपले पेपर नीट वाचले असणार आणि त्यातून निघणारा एकमेव तर्कशुद्ध निष्कर्ष काढला असणार. ऑन सिम्प्लिफाइंग.

तरी आपलं चालू द्या. पहिल्या वर्षाचं गणित सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही हा नियमही चालू द्या. कॉलेजच्या गेटवरचा झेरॉक्सवाला, क्लासवाले सर आणि वायडी लागलेल्या पोरांना खोल्या देणारे घरमालक एवढी माणसं आपल्यावर अवलंबून आहेत, ती उघड्यावर पडू नयेत.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक काठावर पास

ता. क. : माझी भाची यंदा सेकंड इयरला आहे. तिचा एम-थ्री मंगळवारी आहे. क्लासच्या सरांचं म्हणणं, गेल्या खेपेला फूरिये येऊन गेला, तेव्हा या वेळी झेड ट्रान्सफॉर्म पक्का. तिने फूरिये ऑप्शनला टाकला आहे. अंदाज चुकत असेल तर कृपया सोमवार संध्याकाळपर्यंत कळवावे. सकाळी कळून उपयोग नाही, ती तेव्हा लाप्लासचं टेबल म्हणत असते.