बारमाही

बारमाही शिंकणाऱ्या माणसाला ‘सर्दी झाली का?’ असं विचारू नये. त्याला ते लागतं. “सर्दी नाही, ॲलर्जी,” हे तो ज्या सुरात म्हणतो त्या सुरात पूर्वी लोक ‘आम्ही इनामदार’ म्हणत. सर्दी कुणालाही होते. ॲलर्जीला घराणं लागतं. आजोबांना दमा, आत्याला इसब, आणि ही सगळी एकाच कुळातली दुखणी, हे तो पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. (खरं आहे ते.)

सोसायटीच्या सभेत खजिनदार हिशेब वाचताना त्याला मुद्दाम शेजारी बसवतात. आकडा उच्चारला की तो शिंकतो, सगळे “सत्य आहे!” म्हणतात आणि हिशेब मंजूर होतो. शुभकार्याला निघताना मात्र त्याला कुणी सोबत घेत नाही.

त्याचा मुख्य शत्रू गाजरगवत. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं, म्हणजे ह्याच्या जन्माआधी. तरी ते खास आपल्यासाठीच आलं अशी त्याची समजूत आहे. त्यापायी तो टेकडीवर जात नाही. घरी मात्र आजीच्या गोधडीत नाक खुपसून झोपतो. धुळीतले सूक्ष्म किडे अंथरुणातच पोसले जातात, पावसाळी दमट हवेत तर जास्तच, आणि ते मारायला गोधडी कढत पाण्यात धुवावी लागते, हे सगळं त्याला पाठ आहे. पण आजीची गोधडी कढत पाण्यात? छे! तो ती गॅलरीत झटकतो. स्वतः, वाऱ्याकडे तोंड करून.

नाकाच्या मागून कानाकडे साडेतीन सेंटिमीटरची एक नळी जाते. नाक सुजलं की तिचंही तोंड मिटतं, कानात हवा खेळत नाही, पडद्यामागे पाणी साचतं आणि दडे बसतात. डेक्कन क्वीन घाट उतरू लागली की हा गृहस्थ नाक चिमटीत धरून गाल फुगवतो. शेजारचा प्रवासी घाबरतो. वास्तविक नुसता आवंढा गिळला तरी बऱ्याचदा काम भागतं, आणि नाक भरलेलं असताना जोर लावू नये. पण आवंढा गिळताना कुणाचं लक्ष जात नाही.

लहानपणी त्याचा डावा कान वरचेवर फुटायचा. तेव्हा आजी लसणाचं तेल घालायची. पडद्याला भोक असताना तेल घालायचं नसतं, असं डॉक्टर आईला ओरडून सांगत. आजीला ते ऐकू गेलं नाही. गुण घराण्यात आहेत.

आता कपाटात औषधांची उतरंड आहे. नाक चटकन मोकळं करणारे थेंब तो महिनोन्‌महिने घालतो. चार-पाच दिवसांपलीकडे तेच थेंब नाक चोंदवतात, म्हणून तो आणखी घालतो. रोज मारायच्या फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हा तो तिसऱ्या दिवशीच सोडून देतो. मारतानाही मान मागे टाकून ‘सुर्रर्र’ असं ओढतो. औषध नाकात थांबतच नाही, पोटात जातं. डॉक्टरांनी मान किंचित पुढे वाकवून, फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, त्या-त्या कानाकडे ठेवून दाखवलं होतं.

“काका, रोज मारता ना?” परवा त्यांनी विचारलं.

त्यानं हाताचा द्रोण करून डावा कान पुढे केला. “काय म्हणालात?”

“डॉक्टर, तुमची फी सांगा,” बायको म्हणाली, “तीही ह्यांना ऐकू येत नाही.”