क्राऊन-पिनियनची हळद

ट्रॉय, मिशिगन

ती. आई-बाबांना सा. न.,

मुलुंडला पाऊस लागला असेल. इथे ओलं आहे ते फक्त गॅरेज, तेही गिअर ऑइलने.

तुमच्या चिरंजीवांची १९६९ची कॅमारो मागून विव्हळते, हे फोनवर सांगितलं होतंच. आधीच्या मालकाने डिफरेन्शियलचं तेल बदललंच नव्हतं. बाबांनी कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये नोकरी केली, त्यांना वळणावर बाहेरचं चाक जास्त का फिरतं हे सांगायला नको. आई, तुम्हालाही नको. पद्मिनीत बसून बरंच ऐकलंय तुम्ही.

आता आतली दात्यांची जोडी, क्राऊन आणि पिनियन, नवी घालायची, म्हणून रोज जेवताना वाद रेशोचा. ३.७३ म्हणजे छोट्या पिनियनला ११ दात, मोठ्या क्राऊनला ४१. सिग्नल सुटला की गाडी उसळते, पण हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास बोंबलत राहतं. ३.०८ घेतला तर अडीच हजारांत भागतं. अर्थात ३.७३च आला. शिवाय लिमिटेड स्लिप, का तर बर्फात एकच चाक गरगरू नये. बर्फात! रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ही बाई एप्रिलपर्यंत चादरीखाली.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने येतात, एका सेटमधला दुसऱ्या सेटला चालत नाही. पत्रिका जुळवूनच पाठवतात म्हणा. मग दातांना पिवळा लेप लावून फिरवायचं आणि ठसा मधोमध उमटतो का बघायचं. मी म्हटलं, हळद लागली, आता उरका. छे! दातांमधली फट इंचाच्या ६ ते १० हजारांशांत हवी, म्हणून शिमची पातळ चकती काढ, चकती घाल. पिनियनवर एक दबणारी नळी असते. नट जरा जास्त आवळला की ती वाया, नवी आणा.

माझं दुखणं स्वयंपाकघराचं. बेअरिंगच्या कड्या आकसायला फ्रीजरमध्ये, सुरमईशेजारी. क्राऊन फुगायला ओव्हनमध्ये. त्या ओव्हनमध्ये मी आता नानकटाई करणार नाही, हे चिरंजीवांना तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, त्याआधी या. बाबांना गाडी चालवायला देणार म्हणतात. गिअर खाली आहे; पद्मिनीसारखं स्टिअरिंगपाशी चाचपत बसू नका म्हणावं.

तुमची सून

ता. क. भाजणी जास्त आणा. थालीपिठाला ओव्हन लागत नाही.