ईसीआरबाईंना अनावृत पत्र

श्रीमती ईसीआरबाई, अ‍ॅमेझॉनच्या खासगी कंटेनर रजिस्ट्री, यांस
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या दारात लॉगिन करताना प्रत्येकाने आपलं नाव ‘एडब्ल्यूएस’ सांगायचं, हा नियम आम्हांला फार आवडला. कुलकर्णी असो, शेख असो, डिसूझा असो, युजरनेम एकच, तेही कॅपिटलमध्ये! समतेच्या बाबतीत भल्याभल्यांना जमलं नाही ते आपण केलंत. अझूरकडे टोकन घेऊन गेलं तर नावाच्या जागी बत्तीस शून्यं लिहावी लागतात. त्या मानाने आपण मायाळूच.

पासवर्डही आपणच देता. तो टर्मिनलवर मागायचा आणि नजरेस न पडता पाइपमधून परस्पर डॉकरच्या हवाली करायचा. पूर्वी आपण पासवर्डसकट लॉगिनची अख्खी ओळच छापून द्यायचात. ती चालवली की प्रोसेसच्या यादीत डोकावणाऱ्याला पासवर्ड आयता मिळे. सीएलआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ती कमांड काढलीत, उत्तम केलंत.

या पासवर्डची, म्हणजेच टोकनची, मुदत बारा तास. सकाळी नऊला लॉगिन केलं की रात्री नऊला टोकन गार, आणि रिलीज अर्थातच साडेनऊला! निदान तेव्हा आपण मुदत संपल्याचं सांगता तरी. पण ‘बेसिक ऑथ क्रेडेन्शियल्स नाहीत’ एवढंच ऐकवता, तेव्हा माणसाने काय समजायचं? लॉगिन मुंबई रीजनला आणि पुश व्हर्जिनियाला, असं झालं असेल. लॉगिन स्वतःच्या नावाने आणि पुश सुडो लावून, असंही असेल. रूटची कॉन्फिग फाइल वेगळी असते, हे आपण कशाला सांगाल?

बाई, एवढा कडक पहारा कशासाठी? क्रेडेन्शियल हेल्पर नसेल तर डॉकर हे टोकन होम डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलमध्ये बेस-64 करून ठेवतो. हे एन्क्रिप्शन नव्हे, एका कमांडमध्ये उलगडतं. त्याहून गंमत अशी, की ज्या अ‍ॅक्सेस कीच्या जोरावर टोकन मिळतं, ती आयएएम युजरची असेल तर तिला मुदतच नाही. ती शेजारच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुरात पडून असते. पासाला बारा तास, आणि पास छापणारा शिक्का मात्र आजन्म!

तेव्हा वाचकहो, बाईंशी हुज्जत घालू नका. ईसीआरचा क्रेडेन्शियल हेल्पर बसवा, लॉगिनची कटकट संपेल. पण त्याआधी ती जुनी अ‍ॅक्सेस की रद्द करा आणि रोल किंवा एसएसओ वापरा.

कळावे, लोभ असावा,
आपलाच (आणि इतर सगळ्यांसारखाच)
एडब्ल्यूएस