घासू नका, आक्का!

चिंच भिजवलीत वाटतं, आक्का? वास आला भिंतीपलीकडून. कानबाईचा सण आला तोंडावर, माळ्यावरची भांडी उतरायलाच हवीत. पण घासता घासता ऐका. कोपऱ्यावरच्या ड्रॉइंगच्या सरांकडे काल महाभारत झालं. अख्ख्या गल्लीला कळलं, तुम्हालाच कसं नाही?

"कसानं वं महाभारत?"

फुलदाणीचं.

"माय वं! फुलदाणीवरून?"

साधी नाही, जपानी. कांस्याची. सर रिटायर झाल्यापासून त्यांना हा नादच लागलाय. मुंबईला लेकाकडे गेले की चोरबाजारात, मटन स्ट्रीटला, एक फेरी ठरलेली. जळगावला दवाखान्याच्या कामाला गेले तरी येताना मोडवाल्याच्या दुकानात डोकावून येणार. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर फळी ठोकलीय, तिच्यावर सगळ्या ओळीनं मांडल्यात. एक काळीभोर, उंच मानेची, अंगावर करकोचे उडताहेत. एक ताटासारख्या पसरट तोंडाची. एक तांबूस, तिच्यावर ढग उठल्यासारखे डाग. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सरांच्या बाईंना विचारणार होते, गंज चढलाय का म्हणून. बरं झालं, नाही विचारलं.

तर काल सर पेन्शनच्या कामाला बँकेत. बाईंनी कानबाईसाठी घर साफ करायला काढलेलं. फळी पुसताना ती काळी उचलली, मोरीवर नेली, चिंच-मीठ लावलं आणि मानेवरून हात फिरवला. खालून पिवळं झळकलं! बाई खूश. चांगला तळहाताएवढा भाग उजळून झाला, आणि सर दारात. हातातलं पासबुक तसंच खाली पडलं म्हणे. "अगं, शंभर वर्षांचा रंग उतरवलास!" बाई म्हणाल्या, "रंग कसला, मळ होता." झालं. दुपारी सर जेवले नाहीत.

"मंग भांडा घासाना नहीत का आते?"

तेच तर. मी संध्याकाळी ताक द्यायच्या निमित्तानं गेले. आता कोणाच्या घरचं भांडण असेल तर रिकाम्या हातानं कसं जायचं? सर त्या फुलदाणीसमोर बसले होते, घरात कोणी आजारी असल्यासारखे. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि खरं सांगते आक्का, मला पटलं.

आपल्याकडे तांबं-पितळ काळवंडलं की ते घरातल्या बाईच्या अब्रूवर येतं. तिकडे तो काळा, तपकिरी, शेवाळी रंग कारागीर मुद्दाम चढवतो. भांडं ओतणारा वेगळा, रंग चढवणारा वेगळा, आणि दुसऱ्याचा मान पहिल्यापेक्षा कमी नाही. जपानात ताकाओका म्हणून गाव आहे. तिथल्या सरदारानं, माएदा तोशिनागानं, १६११ साली सात ओतारी आणून वसवले, त्यांना जागा दिल्या. आधी तवे, कढया, शेतीची अवजारं ओतत. मग देवळातली भांडी, घंटा, फुलदाण्या. आजही जपानातलं बहुतेक ओतीव कांस्य त्याच गावचं.

आणि रंग कशानं चढवतात, तर मोरचूद.

"तो निंबूले लावतस तो?"

तोच हो! आपण चुन्यात कालवून बोर्डो मिश्रणासाठी घेतो तो. पाण्यात मोरचूद आणि जंगाल घालायचं, ते पाणी उकळायचं, त्यात वस्तू सोडायची. सोडायच्या आधी काय करतात माहीत आहे? पांढरा मुळा किसून त्याच्या रसात बुचकळतात, म्हणजे रंग एकसारखा धरतो. पण नुसत्या तांब्यावर वेगळा रंग, सोनं कालवलेल्या तांब्यावर वेगळा. शंभर भागांत चार-पाच भाग सोनं घातलं तर धातू जांभळट काळा पडतो. त्याला ते शाकुदो म्हणतात. सोनं घालायचं, आणि तेही काळं दिसावं म्हणून! बाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी सरांना घराबाहेर काढलं असतं.

फुलदाण्यांची तऱ्हा आणखी निराळी. कुठे तांदळाचा कोंडा मीठ-पाण्यात कालवून अंगाला थापतात आणि भाजून काढतात, म्हणजे ते ढगासारखे डाग उठतात. कुठे लोखंडाचे तुकडे चहाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये मुरवून ते काळं पाणी तापलेल्या भांड्यावर गवताच्या कुंच्यानं मारतात. आणि ऐका आक्का, हेच लोखंडाचं पाणी तिथल्या बायका दातांना लावायच्या. लग्न झालेल्या बाईचे दात काळेच हवेत, अशी रीत.

"दात काया करेत? मनी आजी बी दातवन लाये!"

तेच म्हणते मी. आपल्या दातवणात हिराकस, म्हणजे लोखंडच की. हिरडा-मायफळाशी गाठ पडली की काळं. तिकडे १८७३ साली तिथल्या महाराणीनं दात पांढरे ठेवून चारचौघांत यायला सुरुवात केली, आणि हळूहळू शहरातल्या बायकांनी ती रीत सोडली. दातांवरून उतरला, पण भांड्यांवर तो रंग टिकला.

त्याच १८७३ साली व्हिएन्नाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जपाननं तिथे आपल्या वस्तू मांडल्या आणि युरोपवाले त्यांच्यावर तुटून पडले. पुढे १८७६ ला तलवार बाळगायला बंदी आली. तलवारीच्या मुठी घडवणारे, त्यांच्यावर सोन्या-चांदीची नक्षी बसवणारे एका हुकुमानं बेकार. करणार काय? फुलदाण्या. म्हणून त्या काळातल्या फुलदाणीवर पानाची शीर न् शीर, पाखराचं पीस न् पीस उठलेलं दिसतं. सर भिंग देतात हातात. करकोच्याच्या डोळ्यात सोन्याचा ठिपका आहे, मोहरीहून बारीक. चिंचेनं तो गेला नाही, देवाची कृपा. बाईंचा हात मानेवरच फिरला.

"पन जपानना लोटा भडगावले कसा उना?"

हाच माझाही प्रश्न होता! सर म्हणतात, कापसामुळे. हे त्यांचं गणित हं, मी नुसतं सांगते. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते कोबे अशा बोटी सुरू केल्या, कारण आधीच्या बोट कंपन्या भाड्यात लुटत होत्या. जाताना सूत आणि कापूस. आपल्याकडच्या जिनिंगमधून, प्रेसमधून गाठी मुंबईला जायच्या, बाजारात 'खान्देश' याच नावानं त्यांचा भाव निघायचा. जपानच्या गिरण्या आखूड धाग्याचा हिंदुस्थानी कापूस भरपूर घ्यायच्या. मग येताना बोट रिकामी थोडीच यायची? छत्र्या, काडेपेट्या, चिनीमातीची खेळणी, आणि एखाद्या व्यापाऱ्याच्या बंगल्यासाठी फुलदाणी. पुढे बंगला विकला, नातवंडं वाटेला लागली, फुलदाणी मोडीत.

ही मोठ्यांचीच हौस होती. मुंबईच्या म्युझियममध्ये, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, चिनी-जपानी वस्तूंचं मोठं दालन आहे, ते टाटांच्याच दोन्ही मुलांच्या संग्रहातून उभं राहिलंय, रतनजी आणि दोराबजी. आणि बडोद्याचे सयाजीराव तर आपल्याकडचेच! मालेगावजवळच्या कवळाण्याचं पोर ते. इथली गिरणा मालेगावावरूनच तर येते. बडोद्याला दत्तक गेले आणि पुढे जगभर फिरले. बडोद्याच्या म्युझियममध्येही जपानी दालन आहे. सर अभिमानानं सांगतात, कवळाण्याच्या माणसाला ही नजर होती, मग भडगावच्या माणसाला का नसावी?

"नजर राहो, पैसा कोठे शे तितला?"

पैशाचं म्हणाल तर सर पक्के आहेत. सहजी फसायचे नाहीत. आधी उचलून बघतात. आपल्या अंदाजापेक्षा जड लागली तर पुढची बोलणी. जस्ताच्या ओतून वरून काळा-हिरवा रंग फासलेल्याही खूप मिळतात, त्या हलक्या. चुंबक खिशातच असतो. चिकटला की आत लोखंड आहे, विषय संपला. मग बूड उलटं करायचं. बुडाशी जिथे घासलं गेलंय तिथे पिवळं-तांबूस दिसलं तर ठीक, पांढुरकं-करडं दिसलं तर जस्त. आणि शिक्का वाचायचा. अमेरिकेनं १८९१ पासून कायदा लावला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, म्हणून त्या काळातल्या निर्यातीच्या मालावर 'निप्पॉन' असतं. १९२१ पासून 'जपान' लिहायला लावलं. नुसती कारागिराची मुद्रा असेल आणि देशाचं नाव नसेल, तर आणखी जुनी असू शकते किंवा त्यांच्या घरच्याच बाजारासाठी केलेली. असूच शकते हं, खात्री नाही. विकणारा मात्र खात्रीनंच सांगतो.

ती पसरट तोंडाची आहे ना, ती नुसती मिरवायची नव्हे, वापरायची. जपान्यांच्या इकेबानाची, म्हणजे फुलं मांडायच्या कलेची. आपण गणपतीपुढे निशिगंधाचा भारा कोंबतो तसं नाही. एक वाकडी फांदी, दोन पानं, पुरे. भांडं काळं कशाला, तर पान हिरवं दिसावं म्हणून. चकचकीत पितळेत ठेवलं तर लोक भांडंच बघत बसतील.

पण आक्का, बाईंचंही काही चूक नाही. त्यांनी जे सुनावलं ना, त्यावर सरांकडे उत्तर नव्हतं. म्हणाल्या, "माझ्या आईनं रुखवतात दिलेले तांब्याचे हंडे, घंगाळ, पितळेची कळशी तुम्हीच मोडीत घातली आणि स्टीलची भांडी आणलीत. वजनावर गेली ती. तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आलं. आणि आज परक्या मुलखाच्या लोट्यासाठी जेवण सोडता?"

"बराबर बोलनी!"

बरोबरच. घंगाळाला तर ठोक्यांची नक्षी होती, मी पाहिलंय. तांबटानं एकेक ठोका मोजून घातलेला. आता ते घंगाळ शहरात हॉटेलच्या दारात पाणी भरून, त्यात फुलं तरंगत ठेवतात, आणि आपण फोटो काढतो.

सर गप्पच बसले थोडा वेळ. मग म्हणाले, जपान्यांनीही हेच केलं. दुसऱ्या महायुद्धात धातू कमी पडला तेव्हा सरकारनं देवळांच्या घंटा नेल्या, घरातल्या वस्तू नेल्या, पुतळे वितळवले. तो मालकाची वाट बघणारा कुत्रा, हाचिको, टीव्हीवर दाखवतात बघा. त्याचा पुतळासुद्धा वितळवला, आत्ताचा आहे तो १९४८ चा. जे परदेशी बोटींतून आधीच बाहेर गेलं होतं ते वाचलं. म्हणजे तिकडची भांडी इकडे राहिली आणि इकडची मोडीत गेली.

आता त्या डागाचं काय करायचं, मी विचारलं. काही नाही म्हणाले. पुन्हा रंग चढवायला गेलं तर ठिगळ दिसणार. चिंचेचा अंश राहू नये म्हणून साध्या पाण्यानं दोनदा धुतली, लगेच कोरडी केली, उन्हात धरली. हवेनं आपोआप काळवंडेल, पण ती वर्षानुवर्षांची गोष्ट. बाकी निगा म्हणजे मऊ ब्रशानं धूळ झटकायची, कधीतरी मेणाचा पातळ हात. जपायचं ते पावसाळ्यात. कुठे फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली, बोटाला लागायला लागली, तर ते दुखणं. मीठ आणि ओल मिळाली की आतून पोखरत जातं. चढवलेला हिरवा बोटाला लागत नाही. म्हणून सर बुटांच्या खोक्यांत येतात ना त्या पांढऱ्या पुड्या, त्या साठवून फुलदाण्यांत टाकतात. तुमच्याकडे असतील तर टाकू नका, मला द्या, मी पोचवीन.

तुमची परात, घागर मात्र खुशाल घासा, ती घासण्यासाठीच केलेली आहे. पण देवघरातली ती जुनी समई असू द्या तशीच, नुसती पुसा.

"मंग समझोता व्हयना का त्यासना?"

झाला तर! बाईंनी अट घातली. यापुढे एक फुलदाणी घरात आली की एक बाहेर गेली पाहिजे, आणि आधी माहेरच्या घंगाळासारखं घंगाळ शोधून आणायचं. सर आज सकाळीच एरंडोलकडे गेले, कोणीतरी सांगितलंय तिथे एक आहे म्हणून. म्हणजे एक फुलदाणी जाणारच. काळी द्यायचे नाहीत, डाग पडला तरी. पसरट तोंडाची बाईंनाच आवडायला लागलीय. राहिली ती तांबूस, ढगांची. ती मी मागून ठेवलीय, आक्का, तुम्ही मध्ये बोलू नका.